माणसं तीच हवीत गो!

“शेवंता बदलली ना, त्या दिवशी मी ती मालिका सोडली,” काकू म्हणाल्या आणि माळेत पुढचा कांदा असा आवळला की जणू त्या बदलाबदलीत कांद्याचाच हात होता.

नागावात आमच्या दोन वाड्यांच्या मध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे. पलीकडे काकू खुर्ची टाकून पांढऱ्या कांद्याच्या माळा वळत बसतात, अलीकडे मी वाळत घातलेल्या सुपारीवर लक्ष ठेवते, आणि ऊन कलायच्या आत यच्चयावत मालिकांचा निकाल लागतो. (2022 साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मुंबईची गिऱ्हाइकं माळ हातात घेऊन ‘ओरिजिनल आहे ना?’ असं विचारतात. काकू हाच प्रश्न टीव्हीला विचारतात.)

“अहो काकू, अपूर्वा नेमळेकरने काम सोडलं, मग ते तरी काय करणार? कृतिका तुळसकरला आणलं. तीही काही वाईट नव्हती.”

“वाईट कोण म्हणतंय? गुणी पोर आहे ती. पण तू मला सांग, ‘रात्रीस खेळ चाले’च्या तिसऱ्या भागात अण्णा आणि शेवंता भुतं होती की नाही?”

“होती.”

“मग? जिवंत माणूस बदलेल गो. आजारपणाने बदलेल, वयाने बदलेल. भूत कसं बदलेल? मेलं तेव्हा जसं होतं तसंच राहणार ना ते?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अख्ख्या मालिकासृष्टीतही कुणाकडे असेल असं वाटत नाही.

शेजारच्या माडावर नारळ उतरवायला चढलेला गडी वरूनच म्हणाला, “काकी, मी तर दुसराच भाग मानतो. पहिला नाय, तिसरा नाय. अण्णा म्हणजे दुसरा भाग.”

त्याचंही खरं आहे. 2016 साली पहिला भाग सुरू झाला तोच मुळी अण्णा नाईकांच्या मृत्यूने. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ते घर, एकेक करून गोळा होणारी भावंडं, जमिनीची कागदपत्रं, आणि माजघरात मुक्या बसलेल्या माई. अण्णा हा माणूस आपल्याला कळला तो दुसऱ्यांच्या बोलण्यातून आणि त्याने मागे ठेवलेल्या भानगडींतून. मग 2019च्या जानेवारीत दुसरा भाग आला आणि त्याने घड्याळाचे काटे मागे फिरवले. जो मेलेला होता तो धोतर सावरत, डोळे वटारत चालू लागला. माधव अभ्यंकरांनी असा काही अण्णा उभा केला की बायका त्याला शिव्या घालत घालत रोज रात्री त्याची वाट बघायच्या. आमच्या काकूही त्यातल्याच.

“पण काकू, शेवट तर माहीत होता की. अण्णा मरणार, घर उद्ध्वस्त होणार. तरी दीड वर्ष बघितलंत?”

“शेवट माहीत होता म्हणूनच बघितलं. हा मेला एवढा माजलाय, आता कसा मरतो ते बघू दे, म्हटलं.”

इथे मी सुपारी परतायची थांबले. कारण मला वाटतं, पुढचा-मागचा भाग काढणाऱ्या लोकांना जे कळायला हवं ते काकूंनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. पहिल्या भागाने एक जागा रिकामी सोडली होती. अण्णा नेमका होता कसा, हे कुणी दाखवलं नव्हतं. दुसऱ्या भागाने बरोबर तीच जागा भरली. तिसऱ्या भागापर्यंत भरायला रिकामं असं काही उरलंच नव्हतं, म्हणून भुतं आणावी लागली.

तेवढ्यात काकूंची सून चहा घेऊन आली. ही अलिबागला नोकरी करते आणि मोबाइलवर इंग्रजी मालिका बघते, त्यामुळे आमच्या बैठकीत तिला परराष्ट्र खातं दिलेलं आहे. ती म्हणाली, “ताई, तिकडेही हेच झालं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवट 2019ला लोकांना इतका खटकला की शेवटचा सीझन परत बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त जणांनी सह्या केल्या. मग 2022ला त्यांनी काय केलं? पुढे जायच्या ऐवजी त्यातल्याच एका घराण्याच्या पूर्वजांची गोष्ट काढली.”

“म्हणजे आमच्या अण्णांवरून चोरलं,” काकू म्हणाल्या. तारखा बघितल्या तर त्यांना खोडून काढणं अवघड आहे.

मी म्हटलं, “पण मग काकू, बिग बॉसचं काय? 2018 पासून चार सीझन महेश मांजरेकर. पाचव्याला 2024मध्ये रितेश देशमुख आला. तेव्हा नाही सोडलात तुम्ही टीव्ही. रात्री साडेदहापर्यंत तुमच्याकडून आवाज यायचा.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“तिथे खुर्ची असते. खुर्चीवर कोण बसलाय ते बदललं तरी खुर्ची तीच. घरात भांडणारे तर दर वर्षी नवेच येतात, ते आपण कबूलच केलेलं असतं. आणि तो बारामतीकडचा सूरज जिंकला ना, मग कोण आठवतंय मांजरेकर?” मग जरा थांबून, “आठवतो तसा. शनिवारी कान उपटायचा तेव्हा बरं वाटायचं.”

बघा, म्हणजे काकूंच्या विरोधाला काही तरी नियम आहे. तो शोधायला मी त्यांना जरा मागे नेलं.

काकू लग्न होऊन नागावात आल्या तेव्हा आळीत एकच टीव्ही होता. मुंबई दूरदर्शन 1972ला सुरू झालं आणि आमच्या किनाऱ्याला त्याचा एक फायदा मिळाला: समोर पाणी आणि पाण्यापलीकडे मुंबई. अँटेना नीट वळवला की चित्र यायचं. वारा सुटला की मुंग्या. त्या टीव्हीवर अख्ख्या आळीने ‘चिमणराव’ बघितला. काकूंचे सासरे चि. वि. जोशींचे भक्त, पुस्तकं पाठ. दिलीप प्रभावळकर दिसल्याबरोबर ते म्हणाले म्हणे, “हा आमचा चिमणराव नव्हे.” बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊवरही त्यांचा आक्षेप होता.

“मग?”

“मग काय? चार आठवडे गेले आणि पुस्तक उघडलं तरी त्यांना प्रभावळकरच दिसायला लागले. स्वतः कबूल करायचे नाहीत. पण कुणी आगाऊपणा केला की म्हणायचे, काय रे गुंड्याभाऊ, आणि मिशी दाखवायचे बाळ कर्व्यांसारखी.”

मला वाटतं, नियम इथे सापडतो. पुस्तकातल्या माणसाला चेहरा नसतो. वाचकाच्या मनात असतो तो धूसर, म्हणून पडद्यावर पहिला येणारा नट थोड्या कुरबुरीनंतर ती जागा जिंकतो. दुसऱ्याच्या नशिबात मात्र पहिल्याशी कुस्ती येते. छोट्या पडद्यावर प्रभावळकर दोनदा पहिलेच राहिले, हे त्यांचं भाग्य आणि त्यांचं कामही. दुसऱ्यांदा तर पुस्तकही त्यांचंच. त्यांच्या ‘अनुदिनी’ या वर्तमानपत्री सदरावरून 2001मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ निघालं आणि आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका हे कुटुंब आमच्या आळीत राहायला आलं. सदर वाचलेल्यांना तक्रारीला जागाच नव्हती. ज्याने आबा लिहिला तोच आबा होऊन समोर बसला होता.

“टिपऱ्यांचा दुसरा भाग काढला तर बघाल?” सुनेने विचारलं.

“काढू नये,” काकू म्हणाल्या. प्रकरण बंद.

‘फास्टर फेणे’चं उदाहरण मी टाकून बघितलं. भा. रा. भागवतांचा पोरगा, 1980च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन, आणि 2017च्या चित्रपटात अमेय वाघ, तोही एकदम कॉलेजातला तरुण. त्यावर कुणी फार आरडाओरडा केल्याचं मला आठवत नाही. काकू म्हणाल्या, मध्ये तीस वर्षं गेली, ज्यांना पहिला आठवत होता त्यांचे गुडघे दुखायला लागले. हेही पटलं. चेहरा पुसायला एक पिढी लागते. दोन वर्षांत पुसायला गेलं की डाग राहतो.

‘अग्गबाई सासूबाई’वाल्यांनी तेच केलं. 2019ची ती मालिका, आजेसासऱ्यांच्या धाकाला न जुमानता सून सासूचं दुसरं लग्न लावून देते, आमच्या आळीत तिच्यावर कितीतरी चर्चा झाल्या, खऱ्या घरांतल्याही. 2021ला ‘अग्गबाई सूनबाई’ आली. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक होते तिथेच, पण शुभ्रा म्हणून तेजश्री प्रधानऐवजी उमा पेंढारकर, तिचा नवरा सोहमही नवा. काही महिन्यांत आटोपलं. काकूंचं म्हणणं असं की चेहरा बदलला तेही एक वेळ चाललं असतं. “पण ती शुभ्रा केवढी धीट गो! सासूचं लग्न लावणारी पोर. तीच दुसऱ्या भागात मान खाली घालून सोसत बसली. मला सांग, कुणाची शुभ्रा ही?”

आता उलटं उदाहरण घ्या. ‘दिल दोस्ती दुनियादारी’, 2015. माजघर नावाचा फ्लॅट, सहा पोरं-पोरी, अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर आणि मंडळी. माझ्या पुतण्याने त्या नादात मित्रांसोबत खोली भाड्याने घेतली होती. 2017ला ‘दिल दोस्ती दोबारा’. तेच सहा जण! काकूंच्या नियमाप्रमाणे आनंदीआनंद हवा होता. पण नावं वेगळी, नाती वेगळी, माजघर जाऊन ‘खयाली पुलाव’ नावाचं हॉटेल. कैवल्य, सुजय, आशू कुठेच नाहीत, आणि त्यांचे चेहरे तेवढे समोर फिरतायत. त्याच वर्षात ते बंद झालं.

“तेच सांगते मी,” काकू म्हणाल्या. “पोपटीला बोलावलंस, तर मडक्यात भांबुर्डीचा पाला हवाच. कोंबडी घाल, अंडी घाल, बटाटे घाल, नको असेल तर काहीच घालू नको, नुसत्या वालाच्या शेंगा. पण पाला नसेल तर पोपटी म्हणून बोलवायचं नाही. उकडलेल्या शेंगा म्हणायचं, आम्ही उकडलेल्या शेंगा खायला येऊ. वाद कशाचा, तर नावाचा.”

माडावरून आवाज आला, “काकी, यंदा पोपटी केली नाय तुम्ही.”

“तू नारळ बघ.”

नावाचा हिशेब वाहिन्यांनाही कळतो, फक्त उलट्या बाजूने. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. नवी मालिका म्हणजे नवी माणसं ओळखीची करायची, त्यात पहिले दोन महिने जातात. जुनं नाव घेतलं की पहिल्याच रात्री लोक येऊन बसतात. ते येतात हे खरंच आहे. पण नवीन म्हणून येत नाहीत, सोयरे म्हणून येतात, आणि सोयऱ्यांना मानपान लागतो. ‘अग्निहोत्र’चं तसंच झालं. 2008ची ती मालिका, तो वाडा, त्या गणपतीच्या मूर्तींचं गूढ, विनय आपटे, मोहन जोशी, विक्रम गोखले अशी एकाहून एक माणसं. अकरा वर्षांनी ‘अग्निहोत्र 2’ आली तेव्हा लोक सगळे धागे घेऊन बसले होते, आणि चार महिने जेमतेम झाले असतील, टाळेबंदीच्या सुमारास ती आटोपली. एवढे जुने धागे गुंफायला चार महिने कुठले पुरणार?

‘देवमाणूस’ची तर वेगळीच तऱ्हा. वाईच्या त्या बोगस डॉक्टरच्या खऱ्या प्रकरणावरून 2020मध्ये ती आली. लोकांची अपेक्षा एकच: हा फासावर जाणार कधी? पण नराधम गेला की मालिका गेली. मग 2021ला दुसरा भाग, आणि 2025ला ‘मधला अध्याय’. आधीचा झाला, नंतरचा झाला, मग मधला! काकू म्हणतात, आता प्रस्तावना काढतील. तरी किरण गायकवाड मात्र तिन्ही वेळा तोच. म्हणजे पाला आहे.

सुनेचं म्हणणं होतं की यापेक्षा परराज्यातून आणलेल्या मालिका बऱ्या, त्यांना मागचा इतिहास नसतो. असं तिला वाटतं. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोयी’वरून, त्यावरूनच हिंदीत ‘अनुपमा’. हिंदीतली अनुपमा 2022ला दुसऱ्यांदा बोहल्यावर चढली, त्या दिवसापासून आमच्या आळीत अरुंधतीचं लग्न ठरल्यात जमा होतं. काकूंनी तर साडीचा रंगही ठरवला होता. मराठीत ते 2023ला झालं, आणि वर्षभरात तिच्या या नव्या नवऱ्याला, आशुतोषला मारून टाकलं तेव्हा काकू दोन दिवस जेवल्या नाहीत असं सून सांगते. (जेवल्या होत्या. आंबोळ्या मीच नेऊन दिल्या.) तर परराज्यातली म्हणून काय, शेजारच्या वाहिनीवर एक बहीण नांदत असली की लोक दोघींची कुंडली जुळवणारच.

खरी गंमत इतिहासाची आहे, आणि ती आमच्या किनाऱ्याला जास्त कळते.

अमोल कोल्हे 2008ला ‘राजा शिवछत्रपती’मध्ये महाराज झाले आणि 2017ला ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये शंभूराजे. काकूंच्या कायद्याप्रमाणे हा केवढा गुन्हा! तोच चेहरा आधी बाप, मग मुलगा. मी तसं म्हटलं, तर काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी मालिकेवर नाही, त्यांच्या कुलदैवतावर बोलतेय. “अगो, मुलगा बापासारखाच दिसणार!” पुढे काही बोलायची सोय नव्हती.

शेवट तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक. अण्णांच्या वेळी शेवट माहीत असल्याची मजा होती, इथे धास्ती. 2020च्या फेब्रुवारीत मालिका संपत आली तेव्हा काकूंनी आधीच जाहीर केलं होतं की शेवटचे भाग बघणार नाही. बघितले, पण स्वयंपाकघरातून, नुसता आवाज ऐकत. काय दाखवू नये, ही अपेक्षाही प्रेक्षकाची असते. ती या मालिकेने बरीच पाळली, असं माझं मत.

आणि जंजिरा! कोंडाजी फर्जंद जंजिऱ्यात शिरतो, दगा होतो. मग शंभूराजे राजपुरीच्या बाजूने खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतात. ही 1682च्या आसपासची गोष्ट. आमच्या काकूंचं माहेर मुरूडकडचं. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीतून लोकांना किल्ल्यात नेणारे भाऊबंद त्यांच्या नात्यात. होडी किल्ल्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, हे त्यांना पाळण्यातून माहीत. ते भाग लागले की त्या टीव्हीला सूचना करत: पाणी असं नाही, तट असा नाही, भरती त्या बाजूने येत नाही. पुस्तकावरची मालिका बघणारा पुस्तक कपाटात ठेवून येतो. इथे मूळ प्रत समुद्रात उभी आहे, शेकडो वर्षं भिजतेय, कुणीही जाऊन पडताळून बघावी.

“मग काकू, आपल्या अलिबागेवर काढली मालिका तर? कान्होजी आंग्रे?”

काकूंनी माळ खाली ठेवली. हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाऊन गणपतीला नारळ ठेवून आल्याशिवाय त्यांचं एकही कार्य पार पडत नाही.

“कान्होजी पहिले पन्नास भाग. पुढे खरी मालिका,” त्या म्हणाल्या. “1729ला कान्होजी गेले. मग सेखोजी. तो गेला की मानाजी आणि संभाजी, एक कुलाब्याला, एक सुवर्णदुर्गाला. वाटण्या, रुसवे, एकाला पेशवे जवळ करतायत, दुसरा पोर्तुगीजांकडे बघतोय. आणि तुळाजी! त्याला 1756ला विजयदुर्गावर पेशवे आणि इंग्रज दोघांनी मिळून धरला. भाऊबंदकीला लेखक लागत नाही गो, इथे सगळं लिहून तयार आहे.”

“मग तुम्ही बघाल?”

“बघेन की. पहिल्या दिवसापासून चुका काढीन. गुराबेला किती डोलकाठ्या ते मोजीन.”

“आणि बोली कुठली बोलायला लावतील हो?” माडावरून विचारणा झाली. “कोकण म्हटलं की मालवणीच. आमची आगरी कोण बोलणार?”

सून म्हणाली, “शिकवतील कुणाला तरी.”

“मंग माझ्याकडं पाठवा,” तो म्हणाला, “नारळामागे जेवढं घेतो तेवढंच घेईन. बाजूला व्हा, घड सोडतोय.”

आम्ही तिघी कपबश्या उचलून पडवीकडे पळालो. काकू मात्र पळता पळताही बोलत होत्या, मानाजीची बायको कोण करणार ते आधी ठरवा म्हणून.